चौकशीची ओळ

माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी, सही-शिक्क्याच्या वर, पूर्वी एक ओळ असायची. ‘गावात चौकशी करता असे समजले की’ अशी तिची सुरुवात, आणि पुढे त्या जागेबद्दल जे काही कानावर आलं असेल ते. अमुक विहिरीत तिघांचं पाणी आहे. तमुक वाट नकाशात नाही, पण शाळेची मुलं तिथूनच जातात. अठ्ठावीस वर्षं मी ही ओळ लिहिली आणि भोरमधल्या माझ्या जोडीच्या लोकांनी तिची टिंगल केली. ‘मुनीरभाईंचा अहवाल शेवटून वाचायला घ्यावा’ असं म्हणायचे. मग एकदा मी ती ओळ लिहायची सोडली. त्यामुळे काय झालं ते सांगावं म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

मी मूल्यांकनकार. शहरात व्हॅल्युअर म्हणतात, आमच्या भोर-वेल्ह्याच्या खेड्यांत ‘किंमत काढणारं सायेब’. काम सांगायला सोपं आहे. एखादी जागा किंवा घर अमुक तारखेला, अमुक कारणासाठी, बाजारात साधारण कितीला जाईल ते पाहून, मोजून लिहून द्यायचं. वाटणी, विक्री, बँक, परदेशी जाणाऱ्या मुलांचे व्हिसाचे कागद, कारण काहीही असतं. मोजणं अवघड नाही. आसपास काय विकलं गेलं ते धुंडाळून दर ठरवणंही जमतं. अवघड एकच गोष्ट असते. आपण ज्या जागेवर उभे आहोत ती हातातल्या कागदावरचीच आहे का, हे ठरवणं. शहरात दारावर नंबर असतो. आमच्याकडे दारात कोंबड्या असतात, आणि पूर्वेला कोणाची जमीन असं विचारलं तर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव सांगतात.

माणसंही गमतीची. कर लागणार असं वाटलं तर घर ‘आज पडंल का उद्या’ असतं. सरकार जागा घेणार अशी कुणकुण लागली की त्याच घराच्या भिंतींवर मुठी आपटून दाखवतात. पानशेतला एका पुणेकर गृहस्थांचा बंगला होता. त्यांचा आग्रह, की खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याची किंमत धरा. मी गेलो मे महिन्यात. धरणाचं पाणी पार तळाला गेलेलं, आणि खिडकीतून दिसत होती भेगा पडलेली जमीन आणि तिच्यावर चरणाऱ्या सात म्हशी. गृहस्थ म्हणाले, “तुम्ही चुकीच्या महिन्यात आलात.” मी लिहिलं, पाहणीच्या दिवशी पाणी दिसत नव्हते. आणि शेवटी माझी ओळ टाकली, की गावात चौकशी करता असे समजले की दिवाळीपर्यंत पाणी कुंपणाच्या खांबांना लागते. दोन्ही खरं होतं. ते गृहस्थ पुढे दर वर्षी मला शुभेच्छापत्र पाठवत राहिले.

मग नवा कायदा आला. नुसत्या अनुभवावर आणि इंजिनियरच्या पदवीवर भागेना. पन्नास तासांचं प्रशिक्षण घ्या, संगणकावर परीक्षा द्या, पास झालात तर नोंदणी आणि परवाना. मी तेव्हा साठीला टेकलेलो. हॉल तिकीट घेऊन निघालो तेव्हा बायको म्हणाली, “आपल्या गल्लीत परीक्षेला निघालेला आजोबा तुम्ही एकटेच.” मी चिडलो, कारण ते खरं होतं.

पुण्यात वर्ग होता. शिकवायला एक मॅडम होत्या, माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. पण बाई हुशार. एक दिवस त्यांनी सगळ्यांना आपला एकेक जुना अहवाल आणायला सांगितला, आणि नेमका माझा पडद्यावर लावला. मोजमापं पाहून त्या चांगलं बोलल्या. मग शेवटच्या ओळीवर आल्या.

“हे कुणी सांगितलं?”

“गावानं,” मी म्हणालो.

वर्ग हसला. चाळीस जण होते, बहुतेकांना अजून दाढी नीट फुटायची होती.

“गाव म्हणजे कोण, सर? गावाला नाव, पत्ता, सही असते का? तुम्ही पाहिलं, मोजलं, कागदावर वाचलं, तेवढं तुमचं. बाकी ऐकीव. उद्या कोर्टात उभे राहिलात आणि वकिलानं हेच विचारलं तर काय सांगाल?”

मॅडम बरोबर होत्या, हे मी आजही म्हणतो. त्या पुढेही काहीतरी बोलल्या आणि मी ते वहीत उतरवलं, पण माझे कान तापले होते. तासानंतर एका पोरानं चहाच्या टेबलाशी ‘गावात चौकशी करता असे समजले की चहा संपला आहे’ असं म्हटलं आणि सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. पण परत येताना एसटीत ठरवूनच टाकलं, ती ओळ बंद.

पहिल्या खेपेला मी नापास झालो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात आणि मला उत्तर देऊन मोकळं व्हायची घाई. दुसऱ्या खेपेला पास झालो. परवान्याची चौकट करून खुर्चीच्या मागच्या भिंतीला लावली, थोडी डावीकडे, म्हणजे समोर बसणाऱ्याला माझ्या डोक्याच्या आड येणार नाही.

चौकट लागून महिनाही झाला नसेल, सुरेखा आली. पुण्यात एका दवाखान्यात नर्स होती. परदेशी नोकरीसाठी अर्ज करत होती आणि एजंटनं आईच्या नावच्या मालमत्तेचा अहवाल मागितला होता. आई, तानूबाई, हिर्डोशीच्या पुढच्या एका वाडीत एकटी राहते. नवरा वारलेला. सात-बारा उतारा सुरेखानं आणलाच होता.

स्कूटरवर गेलो. रस्त्याला लागूनच घर. दगडी जोतं, वर पत्रा, सारवलेलं अंगण आणि अंगणात कवेत न मावणारा फणस. तानूबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी ताक दिलं आणि माझ्या फित्याचं दुसरं टोक स्वतःहून धरलं. इतक्या वर्षांत मी ज्यांना फिता धरायला दिला त्यातल्या निम्म्यांनी तो सैल सोडला असेल. तानूबाईंनी ताणून धरला.

वर्गात शिकलेली एक नवी विद्या मला वापरून पाहायची होती. मोबाईलवर आकाशातून घेतलेलं चित्र आणि त्यावर गटाचा नकाशा बसवायचा. अंगणात उभं राहून बसवला. निळा ठिपका, म्हणजे मी, ज्या गटात उभा होतो तो तानूबाईंच्या नावचा नव्हताच. त्यांचा गट वर होता, टेकाडाच्या उतारावर. घर होतं शेजारच्या गटात, वसंत नावाच्या कुणा चुलत नातलगाच्या नावे. मी दोनदा बसवून पाहिला. तेच.

ओसरीवर धोंडूतात्या बसले होते. वाडीतले सगळ्यांत म्हातारे. नव्वदीच्या आसपासचे, पण आवाज खणखणीत. त्यांना विचारलं.

“व्हय, बरूबर हाये,” तात्या म्हणाले. “कागदाव ही जागा वसंताच्या घरची. पर तानीचा आजेसासरा आन् वसंताचा आजा, ह्या दोघांनी बदलून घेतलं. वरला तुकडा निचऱ्याचा, नाचनी लई झ्याक यायची. हितं पानी साचायचं. त्येंला नाचनी पायजे हुती, ह्येंला घराला सपाट जागा. देवळात पाच जन बसवलं, नारळ फोडला, झालं. तवा रस्ता कुठं हुता हितं?”

“तुम्ही होता तिथं?”

“म्या ल्हान पोर. त्या नारळाचं खोबरं खाल्लंय की.”

तानूबाई फणसाकडे हात करून म्हणाल्या, “आन् झाड त्येंचं हाये, सायेब. लावलेलं त्येंच्या आज्यानं. बदलीत धरलं न्हाई. राखनीचं अर्धं आमी ठेवतो, अर्धं दरसाल पुन्याला एसटीत घालून धाडतो. म्या लगीन हून आले तवापासनं एक साल चुकलं न्हाई.”

मी हे सगळं खिशातल्या वहीत पेन्सिलीनं लिहून घेतलं. ‘धों. तात्या. अदलाबदल आज्यांच्या वेळची. नारळ. फणस वगळून.’

घरी येऊन अहवाल टाइप केला. घर सदर गटात नसून लगतच्या गटात आहे, सबब जागेचे मूल्य धरलेले नाही. बोटं सवयीनं खाली गेली आणि ‘गावात चौकशी’ एवढं उमटलंही. मला चहाचं टेबल आठवलं. मी ते दोन शब्द पुसले आणि सही केली.

सुरेखाचा चेहरा उतरला. “साहेब, घर धरलंच नाही?”

“भिंती धरल्यात. जागा कशी धरू? ती तुमच्या नावावर नाही.”

“पण आम्ही तिथंच राहतो. मी तिथंच जन्मले.”

तेव्हा मी तिला सल्ला दिला. आयुष्यात मी इतका नियमाला धरून आणि इतका घातक सल्ला दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. म्हटलं, सरकारी मोजणीचा अर्ज टाका, एकदा हद्दी कायम होऊ देत, मग अदलाबदल कागदावर आणा, म्हणजे कायमची कटकट मिटेल. भिंतीवर परवाना होता, त्याच्याखाली बसून बोलत होतो.

आमच्या धंद्याबाहेरच्यांना सांगतो. मोजणीचा अर्ज टाकला की लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, आणि ती गेलीच पाहिजे. ज्या डोंगरी वाड्यांत निम्म्या जमिनी अशा तोंडी बदललेल्या आहेत, तिथे नोटीस म्हणजे झोपलेल्या माणसाला हलवून सांगणं, की ऊठ, तुझी जमीन दुसरा वापरतोय. भोरमध्ये जन्म गेलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. आधी दोन्ही घरांना एका ओट्यावर बसवायचं, मग अर्ज. मला माहीत होतं. परीक्षेत मात्र तो प्रश्न नव्हता.

नोटीस पुण्याला गेली आणि वसंत माझ्याकडे आला. चाळिशीचा, कंपनीत नोकरी करणारा, सभ्य माणूस. त्यानं नोटीस पुढे ठेवली. “काका, हे काय आहे? माझी तिकडं एवढी जमीन आहे?”

मी त्याला नकाशा उलगडून दाखवला. नको होतं दाखवायला, पण कुणी नकाशाबद्दल विचारलं की मला राहवत नाही. मग अदलाबदलीचंही सांगितलं.

त्यानं आपल्या गटाच्या कडेनं बोट फिरवून पाहिलं. “बाबा कधी बोलले नाहीत. उन्हाळ्यात फणस यायचे, एवढंच माहीत.”

“मग आता?”

“आता रस्त्याकडेची जागा विचारणारे रोज फोन करतात, काका. मी काही कुणाचं हिसकावत नाही. कागदावर जे त्यांचं ते त्यांनी घ्यावं, माझं मला द्यावं.”

ऐकायला यात खोट काढता येईना. पण वरच्या तुकड्याला वाट नाही, पाणी नाही, आणि वसंतच्या घरानं नाचणी सोडल्यापासून तिथे नुसती करवंदाची जाळी माजली होती. ज्या दोन तुकड्यांची आज्यांनी बरोबरी लावली, त्यांतल्या खालच्याला लागून पुढे रस्ता गेला आणि एक तुकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट झाला. असलंच लिहून देणं हा माझा धंदा.

मोजणी झाली. खुणा तानूबाईंच्या अंगणात ठोकल्या गेल्या. त्याच पावसाळ्यात धोंडूतात्या गेले. मयतीला मी गेलो होतो. तानूबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सायेब, आता कोन सांगंल?” मी म्हणालो, मी सांगेन की. माझ्या वहीत आहे.

प्रकरण कोर्टात गेलं. पुढे सरकारनं असल्या अदलाबदलींसाठी नाममात्र शुल्काची सोय केली, तेव्हा मी धावत वसंतकडे गेलो. पण त्यालाही दोघांची संमती लागते, आणि तोवर वसंतनं एकाकडून विसार घेतलेला होता.

मी साक्षीला उभा राहिलो. तानूबाईंच्या वकिलांनी पेन्सिलीची वही दाखवली. मग वसंतचे वकील उठले. तरुण होते, आवाज अगदी मऊ.

“अहवाल तुमचाच?”

“हो.”

“घर माझ्या अशिलाच्या गटात आहे, हे तुम्हीच लिहिलंय?”

“हो.”

“अदलाबदलीबद्दल यात एक शब्दही नाही. का बरं?”

“ऐकीव माहिती लिहायची नसते. आम्हाला तसं शिकवलंय.”

“म्हणजे ती ऐकीव होती?”

मी तानूबाईंकडे पाहिलं. त्या पदर सावरून सरळ बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं, मी आता सगळं सांगणार.

“हो,” मी म्हणालो.

त्यानंतर फणस निघाला. तानूबाईंनी विचारल्याबरोबर कबूल केलं, की व्हय, झाड त्येंचंच, दरसाल अर्धं धाडते. वकील म्हणाले, म्हणजे जागेचा मालक कोण हे तुम्हाला इतकी वर्षं मान्य होतं, म्हणूनच त्याचा हिस्सा पोचवत होता. तानूबाई गोंधळल्या. “अवो, झाड त्येंचं म्हून झाडाचं धाडलं. जागा त्येंची म्हून न्हाई.” पण बोलायचं ते बोलून झालं होतं. चाळीस वर्षांचा सचोटीनं पाळलेला शब्द त्या दिवशी त्यांच्याच विरुद्ध उभा राहिला.

त्यांच्या वकिलांनी बाहेर मला गाठलं. रागावले नव्हते, थकले होते. “भांडण लागायच्या आधी, तिऱ्हाईत माणसानं, तारीख घालून, सहीनिशी एक ओळ लिहिली असती ना मुनीरभाई, तरी मला धरायला काहीतरी होतं.” मग तडजोड झाली. वरचा तुकडा तानूबाईंना, खालची जागा वसंतला, घर मोकळं करायला मेअखेरपर्यंत मुदत. तानूबाईंनी अंगठा नाही, सही केली. सुरेखाचा परदेशाचा बेत या सगळ्यात कधीच मागे पडला होता. आईला पुण्यातल्या खोलीवर नेणं आता तिच्याच गळ्यात होतं.

त्या आठवड्यात मी वर्गाची वही काढली. मॅडमची चूक सापडावी, एवढीच इच्छा होती. त्या दिवसाचं पान माझ्याच अक्षरात होतं. ‘ऐकीव नको.’ आणि त्याच्या खाली, घाईत खरडलेलं, ‘महत्त्वाचे वाटल्यास सांगणाऱ्याचा जबाब, नाव, वय, सही किंवा अंगठा घेऊन अहवालाला जोडावे.’ हेच त्या पुढे बोलल्या होत्या. मी लिहून घेतलं होतं आणि ऐकलं नव्हतं. धोंडूतात्या त्या दिवशी ओसरीवर तासभर माझ्या हाताच्या अंतरावर बसले होते. शाईचं पॅड माझ्या पिशवीत होतं.

मेच्या शेवटी मी वाडीवर गेलो. जायला तोंड नव्हतं, तरी गेलो. टेम्पो लागला होता. सुरेखा भांडी भरत होती, माझ्याशी बोलली नाही, आणि मला तेच बरं वाटलं. तानूबाईंनी फणस उतरवून घेतले होते आणि अंगणात त्यांचे दोन ढीग घातले होते. एकेक उचलून, वजनाचा अंदाज घेऊन, इकडचा तिकडे करत होत्या.

“हे कुणाला, ताई?”

“वसंताला. अर्धं त्येचं न्हवं का?”

“अजून पाठवता?”

“झाडाचं झाडाला. त्यात त्या पोराशी काय भांडान?” मग स्वतःच्या ढिगातला एक उचलून त्यांनी माझ्या स्कूटरच्या पायाशी ठेवला. “तुमी न्या ह्यो. तुमी तरी वहीत लिवलं हुतं.”

तो फणस मी घरी आणला. चार दिवसांनी पिकला, सगळ्या घरात वास भरला. बायकोनं गरे काढून ताट पुढे केलं, मला एकही गिळवला नाही. पावसाळ्याआधी घर पाडलं, त्याच्याबरोबर झाडही गेलं. आता तिथे तारेचं कुंपण आहे. नव्या मालकानं बँकेसाठी मूल्यांकन करून मागितलं तेव्हा मी तब्येतीचं कारण सांगितलं, आणि पुढे परवान्याचं नूतनीकरणही केलं नाही. भिंतीवर चौकटीची जागा तेवढी पांढरी उरली आहे.

दिवाळी अंकातल्या लेखाला कोर्टात काही किंमत नाही, हे मला माहीत आहे. मूल्यांकनकार असल्यामुळे इतरांपेक्षा जास्तच माहीत आहे. तरी त्या अहवालात एक जागा रिकामी राहिली होती, ती इथे भरतो.

गावात चौकशी करता असे समजले की, रस्त्यालगतची सदर जागा व वरचा नाचणीचा तुकडा यांची अदलाबदल दोन्ही घरांच्या आज्यांनी देवळात पाच जणांसमक्ष नारळ फोडून केलेली होती. अंगणातील फणसाचे झाड त्यात धरलेले नव्हते, आणि तानूबाई यांनी ते कधीही आपले म्हटले नाही. सांगणारे, धोंडूतात्या, वय सुमारे नव्वद, त्या नारळाचे खोबरे खाल्लेले. त्यांची सही घ्यायची राहिली.